कोरडा शिधा

"घ्या हो वहिनी, साखर बेताचीच आहे," असं म्हणत देवस्थळीसरांनी कपबशी माझ्यापुढे सरकवली. मी ती घेतली.

सांगलीत, बसस्टँडच्या मागल्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर त्यांची संस्था होती. दुचाकी दुरुस्तीचा सहा महिन्यांचा कोर्स आणि शेवटी प्रमाणपत्र. खोलीत एसी लावलेला. मला त्या गारव्याची सवय नव्हती. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, पिशवी मांडीवर धरून मी खुर्चीच्या कडेला बसले होते. कपाला सोनेरी कड होती. बशीतली दोन बिस्किटं मी शर्वरीच्या हातात दिली आणि चहा प्यायले. चांगला होता, आलं घातलेला.

"मुलीची जात म्हणून घाबरू नका," सर म्हणाले. "आता जमाना बदलला. फी बेचाळीस हजार, त्यात हत्यारांची पेटी आमची. राहण्या-जेवण्याचं तेवढं वेगळं. पण सहा महिन्यांत पोर कमवायला लागते. शोरूमला चिकटवून द्यायची जबाबदारी माझी. सुरुवातच पंधरा हजारांनी."

"पंधरा?" मी म्हटलं. आमचे हे विकास सोसायटीत कारकून. निवृत्तीला आले तरी त्यांच्या हातात इतके पडत नव्हते.

"खोटं वाटतं? ते बघा."

भिंतीवर मोठा फोटो होता. खाकी एप्रन घातलेली, हातात पाना धरलेली एक तरुण बाई. खाली लिहिलं होतं, 'नसीम शिकलगार, आमची माजी विद्यार्थिनी. स्वतःचे गॅरेज. महिना पंचवीस हजार.'

शर्वरी उठून फोटोच्या अगदी जवळ गेली. "ह्या कुठे असतात, सर?"

"मिरजेला, मालगाव रोडला. पण तिथं कशाला जाताय? मी सांगतोय की सगळं."

शर्वरी माझी धाकटी. बारावी सायन्सला दोनदा आपटली आणि तिसऱ्यांदा बसायला तयार होईना. आमच्या तासगावच्या आळीत मात्र कुणाची स्कूटी बंद पडली की पोरं तिला हाक मारत यायची. ह्यांची जुनी लूना तर तिनंच जिवंत ठेवली होती. हेच शिकायचं म्हणून ती हटून बसली, तेव्हा हे चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "तिच्या लग्नासाठी ठेव ठेवली आहे, तेवढीच आहे. ती मोडली की संपली. तू जा, बघून ये. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझ्या तोंडून खोटं निघायचं नाही. तू हो म्हणालीस तर मी ठेव मोडतो. नाही म्हणालीस तर पोरीनं गुमान बी.ए.ला नाव घालायचं."

हा विश्वास माझ्या पूजेअर्चेवरचा होता. पहाटे उठून सोवळ्यानं स्वयंपाक, तुळशीला प्रदक्षिणा, पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही, हे लग्न झाल्यापासून चुकलेलं नव्हतं. आमच्याकडे कशावरही वाद झाला की शेवटी 'विचारा हिला' असंच व्हायचं.

जिना उतरताना शर्वरी म्हणाली, "आई, मिरज कितीशी लांब आहे? तिलाच विचारू या ना. बाबांना काय सांगणार आहेस? कप छान होते म्हणून?"

"अगं, पण जेवणाची वेळ टळेल. डबाही आणलेला नाही."

"एक दिवस टळू दे."

आम्ही मिरजेची बस धरली.

गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड होती. पुढे सात-आठ गाड्या, काही उभ्या, काही पोट उघडून पडलेल्या. फोटोतली बाई एका मोटरसायकलजवळ उकिडवी बसली होती. सलवार-कमीजवर तोच खाकी एप्रन, ओढणी कमरेला घट्ट आवळलेली. तिच्यापलीकडे पन्नाशीचा एक सडपातळ गडी चाकाचा टायर काढत होता.

"नसीमताई तुम्हीच ना?" शर्वरीनं विचारलं. "तुमचा फोटो बघून आलो. सांगलीच्या संस्थेत."

"अगं बाई!" ती हसत उठली. "अजून लावलाय होय तो? तेव्हा बारीक होते मी. पोपटमामा, बघितलंस? आपण फेमस हाय."

"फेमस हाय तर गिऱ्हाईक उधारी का ठेवतंय म्हणावं," पोपटमामा टायरवरून मान न काढता म्हणाले.

मी आमचं नाव-गाव, येण्याचं कारण सांगितलं. तिनं फडक्याला हात पुसले, लोखंडी स्टूल माझ्यापुढे ठेवलं, त्यावर कोरं वर्तमानपत्र पसरलं. "बसा की काकू. लांबनं आलाय. उन्हाचं." समोरच्या टपरीला तिनं हाक मारली, "चार चहा पाठव रे! एक कमी गोड!" माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या वयाच्यांना साखर चालत नाही, म्हणून आपली खबरदारी."

चहा आला. काचेचे ग्लास होते. तिनं त्यातला एक उचलून माझ्यापुढे धरला. फडक्यानं पुसलेल्या बोटांचे काळपट ठसे ग्लासावर उमटले होते.

"मला नको हो," मी म्हटलं. "माझं परान्न वर्ज्य आहे."

"काय आहे?"

"चातुर्मासाचा नियम आहे. दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं, उकळलेलं घ्यायचं नाही. दरवर्षी काहीतरी सोडते, यंदा हे. राग मानू नका."

खोटं नव्हतं ते. आषाढी एकादशीला देवापुढे पाणी सोडून घेतलेला नियम होता. सख्ख्या बहिणीकडच्या बारशालाही मी यंदा घास घेतला नव्हता.

"राग कसला," ती म्हणाली. हात मागे घेतला, ग्लास पुन्हा ट्रेमध्ये ठेवला. "ज्याचा त्याचा धरम." मग ती परत मोटरसायकलशी जाऊन बसली.

तिचं हसणं तेवढ्यात कुठे गेलं ते मला कळलं नाही. खरं म्हणजे कळलं.

मी विचारलं, "कोर्स कसा आहे? पैसे वसूल होतात का?"

"चांगला आहे."

"नोकरी खरंच लागते?"

"लागते की."

"पंधरा हजार म्हणतात ते..."

"सर म्हणतात तर असणार. घ्या ॲडमिशन. चांगला आहे कोर्स."

तिचे हात चालू होते. मी विचारत होते आणि ती 'चांगला आहे' म्हणत होती. शर्वरी माझ्याकडे, तिच्याकडे, मग ट्रेमधल्या त्या एका भरलेल्या ग्लासाकडे बघत होती. सकाळी सातला घोटभर दूध पिऊन निघालेली पोर. भूक आणि चीड दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होती.

"अगं आई," ती एकदम म्हणाली, "मघाशी तिथं घेतलास की चहा!"

म्हटलं आणि तिनं ओठ मिटले. पोपटमामांचा हातोडा थांबला.

नसीमनं मान वर केली. "कुठं?"

शर्वरीनं माझ्याकडे बघितलं.

"सरांच्या ऑफिसात होय?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. उलट ती गमतीनं बोलावं तशी बोलत होती. "चांगला असतो सरांचा चहा. आलं घालतात. सोनेरी कडेचे कप अजून हायत काय गं?"

शर्वरीनं मान हलवली.

"ते मीच विसळायची. सहा महिने. आम्ही दोघी पोरी होतो बॅचला, आमच्याकडं तेच काम. आता दुसऱ्या कुणी विसळत असतील." ती माझ्याकडे बघून हसली. "एसीत नियम जरा थंड होत असेल, नाही का काकू?"

"नसीम," पोपटमामा म्हणाले, "म्हातारं माणूस हाय."

"मी कुठं काय म्हटलं?"

मी मान खाली घातली. स्टुलावर तिनं अंथरलेलं वर्तमानपत्र माझ्या मुठीत चुरगळलं होतं. देवस्थळीसरांपुढे मला नियम आठवला नव्हता असं नाही. आठवला होता. चहा म्हणजे काही अन्न नव्हे, असं मी मनाशी म्हटलं होतं आणि कप उचलला होता. त्यांचं आडनाव ऐकूनच मी सैलावले होते. माझ्या माहेरच्या आळीतलं आडनाव. आणि इथे, तासाभरात, तोच चहा अन्न झाला होता. हे मी इतकं सरळ, इतकं सहज केलं होतं की मुलीनं बोट दाखवेपर्यंत मला दोन्हींत फरकही जाणवला नाही. पिशवीत जपमाळ होती. हात आत घातला, पण मणी पुढे सरकेना.

"चल शर्वरी," मी उठले. "त्यांच्या कामाची खोटी होते."

"बसा," नसीम म्हणाली.

"नको. उशीर..."

"बसा काकू. पोरगी उपाशी हाय तुमची, तोंड बघा तिचं. आमच्या दारातनं कुणी उपाशी जात नाही, मग कुणी काय का नियम करंना." ती उठली, गल्ल्यातून नोटा काढल्या. "पोपटमामा, चौगुल्याच्या दुकानातनं शिधा आण. तांदूळ, मुगाची डाळ, मीठ, तुपाची पुडी, गुळाचा खडा. आणि नारळ. नारळाशिवाय शिधा नसतो." मग मला म्हणाली, "कोरडा शिधा चालतो ना? आमची दादी गावच्या जोशीबुवांना दर अमावास्येला द्यायची. सुपात घालून, वर फूल ठेवून. ते आमच्या ओट्यावर बसून घ्यायचे, घरी नेऊन शिजवायचे. दादीला फार बरं वाटायचं. मला नाही कळायचं तेव्हा की आत येऊन जेवत का नाहीत."

मी पुन्हा स्टुलावर बसले.

शिधा आला. सूप नव्हतं, म्हणून तिनं तो पत्र्याच्या ताटलीत मांडला, वर नारळ ठेवला, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी दोन्ही हातांनी घेतला. हाताला हात लागला. तिची बोटं खरखरीत होती, गरम.

शेडच्या मागे पडवीत गॅसची शेगडी होती. "पातेलं घासून देऊ का कोरं आणू बाजारातनं?" तिनं विचारलं.

"आहे तेच चालेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, "चालेल."

मी डाळ-तांदूळ धुतले. ती दाराशी पाय पसरून बसली आणि एक कार्बोरेटर मांडीवर घेऊन साफ करायला लागली. बाहेर पोपटमामांनी शर्वरीला हाताशी धरलं होतं. "आता ती केबल वड... लई नको, लई नको, गाडी हाय, म्हस न्हाई," असं काहीबाही ऐकू येत होतं.

"काकू, मघाशी खरं नाही बोलले मी," नसीम कार्बोरेटरमध्ये फुंकर मारत म्हणाली.

"माहीत आहे."

"माझ्या दारात चहा न घेणाऱ्याला मी खरं कशाला सांगू, असं वाटलं. पण पोरीचा काय गुन्हा? ऐका आता. ते पंचवीस हजार म्हणजे माझा गल्ला, कमाई नव्हे. त्यातनं जागेचं भाडं, पार्टचे पैसे, ह्या पोपटमामूचा पगार. हातात राहतात नऊ, कधी दहा. पावसाळ्यात सहा."

"आणि शोरूमची नोकरी?"

"लागली मला. साडेचार हजारांवर. गाड्या धुवायच्या आणि गिऱ्हाइकांची नावं लिहायची. पोरगी म्हटल्यावर काऊंटरला बसवतात, पान्याला हात लावू देत नाहीत. त्या कोर्साला इंजिन उघडलंय कुणी? फळ्यावर चित्र काढायचे सर. आमच्या बॅचला एकच गाडी होती शिकायला, ती पण कायम शोरूममधी असायची, तिथनं सुटेल तेव्हाच यायची. आठ महिन्यांनी नोकरी सोडली मी आणि ह्या मामूपाशी आले. हा माझ्या अब्बांचा जुना माणूस. इथं शिकले. तेवढ्या फीत मी हत्यारं घेतली असती."

खिचडीला उकळी आली. मी आच कमी केली. बेचाळीस हजार, वसतिगृह, जेवण. ह्यांच्या ठेवीतलं फारसं काही उरलंच नसतं, आणि शर्वरी कुठल्यातरी काऊंटरला बसून लोकांची नावं लिहीत बसली असती. मी थेट ॲडमिशन घेऊन घरी गेले असते तरी सगळ्यांनी म्हटलं असतं, हिनं पाहिलं म्हणजे बरोबरच.

"मग काय करावं तिनं?"

"आयटीआय," ती लगेच म्हणाली. "सरकारी. मोटर मेकॅनिकचा ट्रेड, दोन वर्षं. फी म्हणजे काहीच नाही. यादी अजून लागायची हाय, अर्ज भरा. दोन वर्षं कमाई नाही ते खरं, पण तो कागद पुढं सगळीकडं चालतो, बँक कर्ज देते, कंपनी दारात उभं करते. आणि सकाळची शिफ्ट मिळाली तर दुपारी इथं यावं. मी शिकवीन. पहिले सहा महिने दमडी देणार नाही. दोन वेळचा चहा आणि दुपारचं जेवण. मग काम बघून."

"तुम्ही घ्याल तिला?"

"घेतली असती." तिनं कार्बोरेटर खाली ठेवला. "हात चांगला हाय तिचा. मघाचपासनं बघतीय, मामू कुणाला केबलला हात लावू देत नाही. पण काकू, इथं दुपारी आम्ही एका ठिकाणी बसून खातो. तेलाचे हात, एकमेकांच्या डब्यातलं. मामू कोल्हाट्याचा, त्याची पोर येती कधी, ती पण. जिच्या आईला माझ्या ग्लासातला चहा चालत नाही, ती पोर माझ्या हाताखाली कशी राहणार? चार दिवस येईल. मग घरातनं डबा वेगळा, पेला वेगळा, बसायचं वेगळं. ते माझ्याच्यानं बघवायचं नाही. राग नाही, खरं सांगते."

खिचडी शिजली होती. मी वर तूप सोडलं, नारळ फोडून खोवून पेरला. नैवेद्य दाखवायची सवय. डोळे मिटून देवाला दाखवला. त्या मिटल्या डोळ्यांपुढे मला फक्त तो ट्रेमधला ग्लास दिसत होता.

पत्र्याखाली सतरंजी पडली. पोपटमामांनी ताटल्या मांडल्या. शर्वरीच्या गालावर ग्रीसचा पट्टा ओढला गेला होता आणि ती इतक्या वर्षांत घरी कधी दिसली नव्हती तशी खुशीत होती. मी सगळ्यांना वाढलं. पोपटमामांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. "आ हा हा. तूप बघ काय सुटलंय." नसीमच्या ताटलीत वाढायला मी पळी पुढे केली.

तिनं ताटलीवर हात आडवा धरला.

"मला नको काकू."

"का? थोडी..."

"माझं परान्न वर्ज्य हाय. आजच्या दिवसापुरतं."

ती हसली नाही. चिडलेलीही नव्हती. तिनं आपला डबा पुढे ओढला, उघडला, आणि भाकरी मोडून खायला सुरुवात केली.

माझा हात पळीसकट तसाच राहिला. बहिणीकडच्या बारशाला मी असंच ताटावर हात ठेवून 'नको' म्हटलं होतं. तेव्हा तिच्या हातातली पळीही अशीच अधांतरी राहिली असेल. सगळ्यांनी माझं कौतुकच केलं होतं.

पोपटमामा खाली बघून जेवत होते. शर्वरीचा घास तोंडाशी थांबला होता आणि तिचे डोळे माझ्यावर होते. तिच्या त्या बघण्यात राग नव्हता. भीती होती. ती वाट बघत होती, आता आई काय करते आणि आपलं काय होतं.

मी पळी पातेल्यात ठेवली. सतरंजीवर नसीमच्या समोर बसले आणि हात पुढे केला.

"नसीम, भाकरीचा तुकडा दे."

तिनं वर बघितलं. "नियम?"

"दे."

"काकू, हट्टानं नको. देवाचं असतंय ते."

"हट्ट नाही. भूक लागली आहे मला. सकाळपासून त्या चहावर आहे."

पोपटमामा खोकल्यासारखं हसले. नसीमनं अर्धी भाकरी मोडली, तिच्यावर वांग्याची फोड ठेवली आणि माझ्या हातावर ठेवली. चातुर्मासात वांगंही मी खात नाही. कांदा-लसूणही नाही. ते मी बोलले नाही. खाल्लं. तिखट होतं, एवढं आठवतं.

नसीम माझं खाणं बघत होती. मग तिनं स्वतःच पळी घेतली, खिचडी वाढून घेतली आणि चाखली.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

"गोड मानून घे की," पोपटमामा म्हणाले.

"नाही, सांगायला पाहिजे. उद्या पोरगी पण अशीच करायला लागली तर?" आणि शर्वरीला म्हणाली, "अर्ज भरलास की सोमवारपासनं ये. ॲडमिशन होईस्तोवर नुसतं झाडू मारायचं. डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या आण, मामू तुझ्यातलं खाणार."

आम्ही परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी हातपाय धुऊन देवाशी आले. समई लावली. हे दारात उभे होते.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. फी, शोरूम, गल्ला आणि कमाई, आयटीआय. ठेव मोडायची नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे तू हो म्हणतेस?"

"हो."

"मग झालं. दिवसभर उपाशी असशील. दूध तरी घे."

"जेवले मी," मी म्हटलं. "तिच्या डब्यातलं."

ते उंबऱ्यावर टेकले. हळूच म्हणाले, "नियम मोडलास?"

"मोडला."

"भाकरी खाल्लीस तेव्हा?"

"नाही. त्याच्या आधी. चहा नको म्हटलं तेव्हा."

त्यांना कळलं नाही. "चहा नाकारून नियम कसा मोडेल?" असं काहीतरी ते म्हणाले. मी समईची वात सारखी केली. शर्वरी मोरीत हात धूत होती. साबण लावून, घासून. ग्रीस काही निघत नव्हतं.

शर्वरी आयटीआय झाली. दोन वर्षं दुपारी नसीमकडे राहिली, पुढे आणखी दोन. आता तासगावात तिची स्वतःची शेड आहे, दोन पोरी हाताखाली आहेत. तिच्या लग्नात नसीम आली, पोपटमामाही आले, पंगतीत बसून जेवले. सणावाराला येणं-जाणं आहे. मी मिरजेला गेले की तिच्याकडे जाते. ती कोरं वर्तमानपत्र पसरून स्टूल पुढे करते, पोरीची, जावयाची चौकशी करते, मीठ कमी घातल्याबद्दल अजून टोमणा मारते.

फक्त एक गोष्ट. त्या दिवसानंतर तिनं मला 'काकू, चहा घेणार?' असं कधी विचारलं नाही. मी थोडा वेळ बसते, वाट बघते. मग मीच म्हणते, "नसीम, चहा सांग."

मग ती सांगते.